टिंबानंतरची तीन अक्षरं

फॉर्मवर लाल अक्षरांत एवढंच उमटायचं:
या प्रकारची फाईल स्वीकारली जात नाही.
ते वाक्य माझंच.
महापेच्या चौथ्या मजल्यावर, जेवणाच्या सुट्टीआधी
घाईत टाइप केलेलं.
‘कृपया’ घालायचं राहून गेलं.

हिराजी तांडेल दिवाळ्याहून दोन बस बदलून आले.
सोबत नात, लतिका, बारावीतली,
आणि होडीवरचं ते यंत्र, रुमालात बांधून
असं सरळ धरलेलं, की आत कालवण आहे, सांडेल.

नुकसानभरपाईचा अर्ज.
जाळी कुठे लावत होतात, पुरावा जोडा.
पुरावा म्हणजे पीडीएफ, जेपीजी, पीएनजी.
त्यांच्याकडे होती सात वर्षांची ये-जा,
दर पाच मिनिटांना एक ठिपका,
टिंब जीपीएक्स.

लतिकानं नाव बदलून पाहिलं होतं,
शेवटी जेपीजी लावलं.
पण सर्व्हर शेपटी बघून फसत नाही,
कल्ला उचलून बघतो,
मासा घेताना बघतात तसा.

“लोकं बोलतात पान्यावरची रेघ रात नाय,” हिराजी म्हणाले,
“ही बघ. हाय ना?”

मी स्क्रीनवर उघडली.
निळ्यावर लाल रेघा, एकावर एक,
गोधडीच्या टाक्यांसारख्या दाट,
आणि एका मार्चपासून
पुलाच्या नव्या खांबांना वळसा घालत
विरळ, विरळ.
एके ठिकाणी आठ ठिपके एकाच जागी.
इथे काय झालं, विचारलं.
काय नाय, म्हणाले, जेवत होतो.

पिंगळे सरांचं म्हणणं वेगळं:
आज याला आत घेतलंस की उद्या झिप येईल,
परवा आणखी काही, मग बस निस्तरत.
खोटं नाही ते. गेल्या श्रावणात
कुणीतरी चित्राच्या पोटात स्क्रिप्ट घालून पाठवली,
दोन रात्री आम्ही घरी गेलो नव्हतो.
बदलाची मागणी रीतसर कर, म्हणाले.
मागणीपत्र फक्त पीडीएफमध्ये.

केली.
सत्ताविसाव्या दिवशी मंजुरी.
काम म्हणाल तर एक स्वल्पविराम
आणि तीन अक्षरं, अवतरणचिन्हांत.
आकाराची मर्यादा पाचावरून वीस एमबी.
उंबऱ्यावर राखण ठेवली:
आत फक्त ठिपके आणि वेळा,
दुसरं काही सापडलं तर आल्या पावली परत.

रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी पहिली फाईल आली.
हिरवी खूण.
मजल्यावर मी एकटीच, सांगायला कुणी नाही,
खालचा चहावालाही शटर ओढून गेलेला.

चार दिवसांनी बेलापूरहून फोन,
छाननीतल्या गुर्जर मॅडम:
ते तांडेलांचं आलंय बरं का,
पण आमच्याकडे उघडत नाही हो.
प्रिंट काढून पाठवता?

तर आता बसलेय
सात वर्षांचं पाणी
ए-फोर कागदाची किती पानं होतं,
ते मोजत.