निघते का?

खताच्या दुकानामागं, डीएपीच्या रिकाम्या पोत्यांवर
आम्ही अकरा जण बसलो होतो.
तालुक्याचा निरोप होता : उद्या दहाच्या आत एकच नाव.
जिल्हा परिषद, गट पिंपळखुटा.
कागद माझ्या मांडीवर,
कारण माझं अक्षर बरं आहे. मत कुणी विचारलं नव्हतं.

नावं दोन.
पुंजाराम ढोके, रिटायर वायरमन.
उमेश भोयर, जिनिंगमध्ये चार आण्याची पाती.

तिकडून जिरापुरे पक्का. त्याचे फ्लेक्स
पोळ्यापासून बसस्टँडवर लटकून आहेत,
एका कोपऱ्यातून फाटलेले, तरी हात जोडलेले.
"त्याच्यासमोर कोन निघते, थेवढंच बोला,"
मारोतराव म्हणाले,
"चांगला कोन, हे आपन तेरवीले बोलू."

सगळे हसले. मग मोजणी सुरू झाली.
गटात गावं चौदा, उमेशची सोयरीक नऊ गावांत.
गाडी आहे. मयतीला वेळेवर पोचतो,
लग्नात पाचशे एकचं पाकीट.
पुंजारामच्या समाजाची आमच्याकडं घरं सहा,
त्यातलं सहावं पुलगावला राहायला गेलेलं.

"शंकरपटात जोडी पाहून पैसे लावतेत, बापा.
घरची गाय गुनाची हाये म्हनून
कोनी तिले पटात जुपते काय?"
हे देवानंद बोलला,
ज्याच्या बायकोच्या बाळंतपणाच्या रात्री
भर पावसात पुंजाराम खांबावर चढला होता.
ते आधी देवानंदनंच सांगितलं, हात वर करून :
"मानूस देव हाये. माह्यं मत तं त्यालेच.
पन लोकायले नाही पटत."

मी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक टिंब दिलं.
शेषराव : "मले बी थोच पटते, पन लोकं…"
टिंब.
किसना : "भाषन येत नाही त्याले. मले चालते,
मी कुठी भाषन आयकतो? पन लोकायले पाह्यजे."
टिंब.
मारोतराव स्वतः. टिंब.
कोपऱ्यात नऊ झाली, मुंग्यांसारखी एका रांगेत.
दहावं मी माझं दिलं, न विचारता.
अकरावा उमेशचा साळा होता.

दुकानाचा राखणदार झिंगरूबुवा, गटाच्या बाहेरचा,
दारात बिडी विझवत म्हणाला :
"दामूच्या तळहातावर नारळ उभा राह्यला होता,
आठोते? साऱ्या गावानं टाळ्या वाजोल्या.
तीनशे वीस फूट खाली गेलो. फुफाटा निघला.
पानी निघते म्हननाऱ्याचे
का जातेत बोरचे पैसे?"
कुणी उत्तर दिलं नाही. चहा आला.

आणि चहाच्या मागं पुंजाराम.
चपला बाहेर काढलेल्या, खिशात टेस्टर,
रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी.
"उमेशचं लिहा," तो म्हणाला, उभ्यानंच.
"मले मी बरा वाटतो. पन लोकायच्या मनात मी बसत नाही."
"तुले कोनं सांगतलं?"
"सांगा कायले लागते?"
देवानंदनं त्याला आपला कप दिला.

त्याचं टिंब कुठं द्यावं, मला कळेना.
मी उमेशचं पूर्ण नाव लिहिलं.
अक्षर छान आलं.
टिंबं खोडरबरानं पुसली,
तिथं कागद थोडा काळा झाला.

सकाळी कागद गेला. मी ज्वारी घेऊन गिरणीवर.
रांगेत पुढं बेबीबाई मेश्राम, डोक्यावर पीठ उडालेलं.
"पुंजारामभाऊ उभे हायेत म्हने?"
"नाही. उमेश."
"काहून?"
"लोकायले नाही पटलं."
पट्ट्याचा आवाज. तिनं कानामागं हात धरला.
"कोनाले?"
मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.
"हो, पन कोनाले?"
गिरणीवाल्यानं माझा डबा आत ओढला.