हाली आठ आणे

कंधारच्या बाजारात नारबा जिनगर
पूर्वी लग्नाच्या भिंती रंगवायचा, आता दुकानांच्या पाट्या.
त्याला सांगितलं,
माझ्या घराचं चित्र काढ, बैठकीत लावायला.
समोर मी असावं, बस्स.

पाडव्याला सांगितलेलं, पोळ्याला आणलं,
डोक्यावरून,
निवडणुकीच्या जुन्या बोर्डाच्या पाठीवर:
गेरू, हळद, काजळ, कपड्याची नीळ,
बाभळीचा डिंक.

घराला भिंती नव्हत्या.
म्हणजे चौकटी होत्या, खुंट्या होत्या, माळवद होतं,
माळवदावर वाळत घातलेली मिरची होती,
आणि आतलं सगळं दिसत होतं,
गाभण शेळीच्या पोटात पिल्लू काढतात तसं.

हमीदुल्ला मुन्शी लोडाला टेकून,
कानावर कलम, मांडीवर उर्दू खरेदीखत.
त्याच्या मांडीला मांडी लावून रतनलाल बंब
कापूस तोलतोय. दोघांत एकच पानाचा डबा.
मी म्हटलं, नारबा, हे कधी भेटलेच नाहीत.
मुन्शी गेला त्या रात्री बंब सेलूला होता,
कुलूपसुद्धा तहसीलनं घातलेलं.
तो म्हणाला, "घरात तर भेटलेत की."

मुन्शीच्या बायकोला कुणी पाहिलं नव्हतं,
म्हणून ती पाठमोरी.
डाळिंबाला पाणी घालतेय.
ते झाड बंबानं तोडलं, तिथं हौद केला;
हौद एस्तेर नर्सबाईनं बुजवला, वर न्हाणी बांधली.
चित्रात डाळिंब न्हाणीतून वर आलंय.
नर्सबाईच्या हातात उलटं धरलेलं लेकरू,
ओलं, जांभळं, तोंड उघडं.
अर्ध्या गावानं पहिला श्वास
माझ्या मधल्या खोलीत घेतलाय,
हे खरेदीच्या वेळी मला कुणी सांगितलं नाही.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यात
जुन्या नावांना कंस पडतो.
नारबाला कंस काढता येत नाही.

आणि मी? शोधावं लागलं.
उंबऱ्याशी, बोटभर, खाकीत,
खांद्याला तिकिटांची पेटी.
चौतीस वर्षं एसटीत काढली, सगळा फंड ओतला,
आणि मी मांजराएवढा.
"आत्ताच तर चढलाव, साहेब," नारबा म्हणाला.
"सरकंल कुणीतरी. भेटंल जागा."
हे वाक्य मी स्वतः हजारदा बोललोय.
पुढं काय म्हणणार.

पण दाराबाहेर एक माणूस उभा होता,
माळवदापेक्षा उंच.
एका हातात रंगाची खापरं,
दुसरा तळहात पसरलेला, रिकामा.
हा कितवा मालक?

"मालक न्हाई. बाप हाय माझा.
मुन्शीच्या लेकीच्या लग्नाला ही कमान त्यानं रंगवली.
आठ आणे राहिले. हाली.
आम्ही उंची बघून काढत न्हाई, साहेब.
ज्याचं जेवढं येणं, तेवढा तो."

ठरलेले दोन हजार दिले.
मग माळ्यावरची पेटी काढली, खरी, पत्र्याची.
तिच्या कोपऱ्यात पन्नास पैशांचं एक नाणं अडकलेलं होतं,
बाजारात कुणी घेत नाही असलं.
हाली कुठून आणू?
तेही दिलं.
सवयीनं तोंडातून गेलं, पावती?

नारबानं कुंचला हळदीत बुडवला,
बापाच्या तळहातावर एक ठिपका ठेवला.
बाप काही लहान झाला नाही.

अजून ओलं आहे.
टेकू नका.