उन्हाचं निमित्त

मे महिना मला सोसतो.
सेहेचाळीस डिग्रीत सगळं नागपूर
तोंड बांधून फिरतं,
दुपट्ट्यातून नुसते डोळे,
आणि घाम का आला
असं कुणी कुणाला विचारत नाही.

डिसेंबर वाईट.
डिसेंबरात घामाला कारण द्यावं लागतं.

धंतोलीत एका लॅबमध्ये
मी रक्ताच्या काचा वाचते.
पेशी मोजताना हात थरथरत नाही,
पेशी वर बघत नाहीत.
अकरा वाजता वैरागडे मॅडम चहाला हाक मारतात.
मी म्हणते, हे एवढं संपवून येते.
चार वर्षं झाली,
ते एवढं संपलेलं नाही.

भाऊ, तर्री कमी.
तीनच शब्द. घरून पाठ करून निघते,
ओठांतल्या ओठांत घोळवते,
माझी पाळी येते, मागे लोक,
पोहेवाला पळी उचलून भुवया उडवतो
आणि मी म्हणते, हो.
कशाला हो, ते मलाही कळत नाही.
तो लाल तवंग ओततो.
मी नाक-डोळे पुसत खाते.
त्याला वाटतं, पोरगी तिखटाची शौकीन.
परवा त्यानं न सांगता जास्तीची घातली.

लीनाताईच्या लग्नात मी
कोठीच्या खोलीत नारळ मोजत होते.
दोनशे अकरा. दोनदा मोजले.
अल्बममध्ये मी एकाच फोटोत आहे,
कुणाच्या तरी फेट्यामागे, अर्धा कान.
आई सगळ्यांना सांगते, लाजाळू आहे.
मामा म्हणतो, काऊन बे, मूग गिळून बसली का?
गिळलंय, मामा.
मूग नाहीत ते.

रात्री दोनला कूलर घुरघुरतो,
वाळ्याचा ओला वास येतो,
आणि सुरू होतो पंचनामा.
गेटवरच्या काकांनी विचारलं, जेवण झालं का?
मी म्हटलं, उद्या.
उद्या!
ते केव्हाच झोपले असतील.
मी अजून त्या गेटमध्ये उभी.

लॅबच्या मागच्याच गल्लीत डॉक्टर बसतात.
अडीच महिने मी त्यांच्या पाटीसमोरून
पाटी न वाचता गेले.
शेवटी आत गेले, तर खिडकीतल्या बाईनं
नाव पुकारलं, अख्खं, वडिलांसकट:
अनुश्री मनोहर खडतकर!
खुर्च्यांवरची बारा माणसं वळली.
की वळलीच नाहीत. मी बघितलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, याला नाव आहे.
मला वाटायचं, याचं नाव मीच.

त्यांनी गोळी दिली, आणि गृहपाठ:
शेअर ऑटो थांबवायचा. आपल्या तोंडानं.

सीताबर्डीवरून बसते,
रविनगरला उतरायचं असतं.
दुसरं कुणी उतरलं तर मीही उतरते,
नाही तर ऑटो नेईल तिथवर.
भरतनगर. एकदा थेट वाडी नाका.
तिथून परत चालत येते,
बंद मोबाइल कानाला लावून,
जणू वाडीलाच काम होतं.

मंगळवारी बसले. मधे मी,
इकडे मांडीवर कोहळं घेतलेला म्हातारा,
तिकडे ट्यूशनची दोन पोरं.
भोले पेट्रोल पंप गेला.
जीभ टाळूला चिकटलेली,
छातीत कुणी मुसळ घेऊन बसलेलं,
आणि लॉ कॉलेज चौकातच तो शब्द सुटला,
माझ्याच आवाजात, किंचाळल्यासारखा:
थांबवा!

ऑटो थांबला. कचकन.
म्हातारा म्हणाला, हळू ना बाई, कोहळं पडन.
मी पन्नासची नोट दिली,
उरलेले मागितले नाहीत.
तो गृहपाठ वेगळा.

एक चौक आधीच उतरले होते.
दुपारचे तीन, डांबर मऊ,
दुपट्टा तोंडावर तसाच.
इतके दिवस रविनगर मागे राहायचं,
आज ते पुढे होतं.
चालताना मला त्या कोहळ्याचं हसू येत होतं,
दुपट्ट्याच्या आत, कुणाला न दिसणारं.

रात्री दोनला तो आवाज परत येईलच,
एवढा मोठा, एवढा चिरका,
पोरांनी एकमेकांकडे बघितलं का, तेही येईल.
पण कोहळं पडलं नाही.
तेवढं पंचनाम्यात लिहून घ्या.