शिक्का

आमच्या स्टेशनाचं नाव पाटीवर दोनदा लिहिलंय:
मराठीत टाकळगव्हाण रोड, हिंदीत टाकलगव्हाण रोड.
गाव इथून सात किलोमीटर.
इथं आहे तो नुसता रोड.

माघातल्या एका गुरुवारी
पॅसेंजर क्रॉसिंगला थांबली.
लोक उतरतात, बिडी ओढतात, परत चढतात.
ही बाई चढलीच नाही.
पाठीवरची सॅक सावरत खिडकीशी आली,
वही आत सरकवली. कोरं पान.
बोटानं गोल काढला, मग मूठ आपटली : ठप्प.

सत्तय्या सर म्हणाले, बघा हो, पासपोर्टचं काही असंल.
तिच्या फोननं मोडक्या हिंदीत सांगितलं :
जपानात दर स्टेशनाचा एक शिक्का असतो,
त्यात तिथलं बघण्यासारखं काहीतरी.
डोंगर, देऊळ, एखादा मासा.
तुमचा कुठाय?

माझ्याकडं शिक्के तीन.
तारखेचा, पार्सलचा, आणि एक ‘रद्द’.

बावीस वर्षं तिकिटं देतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
काय सांगावं? ती दगडी टाकी,
कोळशाची इंजिनं पाणी प्यायची ती,
आता आग्या मोहळाच्या ताब्यात?
जिनिंगच्या बंद गेटची तार,
तिला कुठल्या हंगामाचा कापूस अडकलाय कोण जाणे?
का अर्धी मातीत रुतलेली वीरगळ,
जिला खाजामियाँचं गिऱ्हाईक सायकल टेकवून चहा पितं?
का दर्ग्याची साखर?
गेटवरली घुलेबाई वाटते,
तेव्हा मालगाडीचा ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून ओंजळ काढतो.

एवढं एका गोलात बसत नाही.
मी तारखेचाच मारला. शाई वाळलेली,
तिची पाठ वळल्यावर पॅडवर थुंकलो, पुन्हा मारला.
तिनं दोन्ही हातांनी वही घेतली
आणि वाकली. मीही खुर्चीतून अर्धा उठलो.

दिवसभर कुठं कुठं हिंडली.
संध्याकाळच्या गाडीला आली तेव्हा
मोज्यात करडईचे काटे, बोटांना साखर.
वही उघडून दाखवली.
तारखेभोवती पेन्सिलीनं काही काढलं होतं.
टाकी नव्हती. वीरगळ नव्हती.

ळ.

दोन गाठी शेजारी शेजारी, वर एक रेघ.
पाटीकडं बोट केलं : तिथं आहे,
खालच्या ओळीत नाही.

गाडी गेली. मी पाटीखाली जाऊन उभा राहिलो,
काही विसरल्यासारखा.

परवा कंत्राटदाराचा रंगारी आला,
शिडी लावली, पिवळा डबा उघडला.
म्हटलं, बाबा, बाकी कसंही ओढ,
ळ तेवढा सावकाश काढ.