नावातला ह

हजेरी घेताना तुइया बाई म्हणाल्या, यासिंता.
मी मागे वळून पाहिलं, कोण ही यासिंता?
इथे त्या अक्षराचा उच्चार य असाच होतो,
बाईंचा काही दोष नाही.
आमच्याकडे तेच अक्षर घशातून येतं,
हासिंता.
माझा ह बहुतेक हेलसिंकीच्या विमानतळावर
सामानाच्या पट्ट्यावर अजून फिरत असेल,
कुणी न उचललेल्या पिशवीसारखा.

केमियार्वीत शाळेच्या दाराशी बूट काढतात.
गणिताचे सरसुद्धा लोकरीच्या मोज्यांवर उभे राहून
फळ्यावर वर्तुळ काढतात.
त्यांच्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक आहे.
ते पाहून मला पहिल्यांदा वाटलं,
जमेल इथे.

गुरुवारी वाटाण्याचं सूप. प्रत्येक गुरुवारी.
जेवताना कुणी बोलत नाही
आणि कुणी रागावलेलंही नसतं.
एवढं समजायला मला नोव्हेंबर उजाडला.
उजाडला, हे आपलं म्हणायला.

यांच्या भाषेत घराला पंधरा विभक्ती.
घरात, घरावर, घरातून, घराकडे,
आणि एक खास, जिचा अर्थ
घराविना.
औतीनं सगळ्या लिहून फ्रीजवर लावल्या आहेत.
दूध काढताना मी एकेक पुटपुटते.
त्या एकीशी आले
की दूध घेऊन निघून जाते.

डिसेंबरात दिवस दोनलाच मिटतो.
एका सकाळी औतीनं न विचारता
माझ्या जाकिटाच्या खिशाला पिनेनं अडकवलं
प्लॅस्टिकचं चपटं घुबड, दोऱ्याला लोंबणारं.
त्यात दिवा नाही, बॅटरी नाही.
दुसऱ्याचा उजेड पडला तरच ते चमकतं.
नाहीतर तू दिसत नाहीस, ती म्हणाली.
त्या आठवड्यातलं तिचं सर्वांत लांब वाक्य.

मी आंतोफागास्ताची. आमच्याकडे पाऊस पडला
तर वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो.
ऊन इतकं, की दिसू नये म्हणून माणसं भिंत धरून चालतात.
पण घुबड पाहून बाबांचं जाकीट आठवलं.
सात दिवस तांब्याच्या खाणीत, सात दिवस घरी,
दारामागे खुंटीवर ते जाकीट,
छातीवर दोन चंदेरी पट्टे.
लहानपणी रात्री उठून मी त्यावर टॉर्च मारायचे.
पट्टे पेटायचे,
आत कुणी नसताना.

रविवारी आईचा फोन.
मागे मासळीबाजार, समुद्रपक्ष्यांची भांडणं.
जेवतेस ना?
हो.
मैत्रिणी झाल्या?
झाल्या की, मी म्हणाले.
झालाय एक. ओत्सो, औतीचा धाकटा,
वय नऊ, पुढचे दोन दात गायब.

बसमध्ये त्यानं विचारलं, तुझं खरं नाव काय?
मी म्हटलं, काच धुरकट करायची असेल तर काय करतोस?
त्यानं तोंड उघडून काचेवर श्वास सोडला.
बशीएवढी वाफ.
हां, हाच तो. याच्या मागे लाव, आसिंता.
तो पुढचे तीन थांबे काच भरत राहिला.
शेजारच्या म्हाताऱ्यानं पेपर खाली केला,
आमच्याकडे पाहिलं, पुन्हा वर केला.
इथे याला गप्पा मारणं म्हणतात.

उतरलो तेव्हा उणे चोवीस.
थांब्यापासून घर चारशे पावलं.
ओत्सो पुढे पळाला, मी बर्फावर जपून,
पाय अजून वाळवंटातलेच.
एक गाडी गेली. आधी त्याच्या दप्तरावरचा मासा चमकला,
मग माझं घुबड,
मग काहीच नाही.

टपालपेटीजवळच्या दिव्याखाली तो थांबला,
वळला, आणि ओरडला,
माझं आख्खं नाव, थेट घशातून.
ह त्याच्या तोंडासमोर पांढरा तरंगत राहिला,
बाकीची अक्षरं मागाहून आली.

मी ओ दिली.
कानटोपीतून त्याला ऐकू गेलं नसावं.
तो पुन्हा ओरडला.
या वेळी मी मुद्दाम गप्प राहिले.
अजून एकदा ऐकायचं होतं.