चारशे मीटर

एकोणीस वर्षं मी कोऱ्या गाड्या चालवते आहे,
प्रत्येक गाडी फक्त चारशे मीटर:
जहाजाच्या पोटातून उतारावरून खाली,
मग डावीकडे, आखलेल्या चौकोनात.
किल्ली आतच ठेवायची, दार लोटायचं,
व्हॅनमध्ये बसून पुन्हा जहाजात.
ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर असं पाळीला साठ-सत्तर वेळा.
बसलं की सीटवरचं प्लास्टिक कुरकुरतं.
ते फाडायचा मान दुसऱ्या कुणाचा.

माझी स्वतःची गाडी चौथ्या मालकाची, म्हणजे माझी.
मागचं दार दोरीने बांधलेलं.

मार्चमध्ये ल्युबेनच्या शोरूममध्ये गेले,
पाचशे युरो टेबलावर ठेवले.
त्याने रंग विचारला.
इतके रंग हातांखालून गेले,
पण मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
मी उगाच खिडकीबाहेर पाहत बसले.
शेवाळी, म्हटलं शेवटी.
त्याला सहा आठवडे जास्त लागतील, तो म्हणाला.
लागू देत.

मग एक ऑर्डर नंबर, आणि रोज रात्री
बटाटे उकडेपर्यंत फोनवर तोच एक शब्द: प्रतीक्षेत.
एप्रिल प्रतीक्षेत. मे प्रतीक्षेत.
जूनमध्ये एके दिवशी ‘उत्पादनात’,
दुसऱ्या दिवशी परत ‘प्रतीक्षेत’,
जणू कोरियात कुणीतरी दारं बसवली
आणि विचार बदलून काढून घेतली.
ल्युबेनला फोन केला की तो म्हणे, सिस्टिम आहे, त्यार्क्सबाई.
एनो म्हणे, लग्न ठरल्यासारखी वागतेस.
लग्नाच्या वेळी मी एवढी चौकशी केली असती
तर बरं झालं असतं, मी म्हटलं. तो हसला नाही.

ऑगस्टात चासीचा नंबर आला. सतरा अक्षरं.
शेवटचे चार पाठ केले: चार एक सात आठ.
मग जहाजाचं नाव कळलं,
नकाशावर एक बारका बाण,
आफ्रिकेला वळसा घालून मुंगीच्या चालीने येणारा.
एकोणीस वर्षांत जहाजं नुसती येत.
वाट मी याच एकाची पाहिली.

ते आलं मंगळवारी, रात्रपाळीला,
आडव्या पावसात.
सातव्या डेकवर एनोने एक दार उघडलं,
काचेवरचा कागद वाचला, आणि शिट्टी वाजवली.
विबके! चार एक सात आठ!
मुकादमीण घड्याळाकडे बघत होती.
मी बसले. प्लास्टिक कुरकुरलं.
वाटलं होतं काहीतरी होईल.
उतार, मग डावीकडे, रांग एकतीस, चौकोन नऊ.
किल्ली आत. दार लोटलं. व्हॅन.
नंतरची गाडी पांढरी होती.

घरी येऊन पाहिलं: ‘समुद्रात’.

पुढचे अकरा दिवस ती समुद्रातच होती,
आणि मी तिच्या बाजूने दिवसातून साठ वेळा गेले.
छतावर सीगल बसत, आपलं काम उरकत.
ल्युबेनला फोन करून सांगितलं, गाडी आली, मीच लावली.
तो म्हणाला, माझ्या स्क्रीनवर तसं दिसत नाही.
एकदा बाही ओढून तिचा आरसा पुसला.
हे नियमात बसत नाही. लिहून घ्या हवं तर.

डिसेंबरच्या सहा तारखेला त्याने किल्ली दिली,
वर सेलोफेनमध्ये बांधलेली शेवंती.
मीटरवर अकरा किलोमीटर.
त्यातला थोडासा माझा, हे त्याला कशाला सांगा.
प्लास्टिक मी दातांनी फाडलं.
एनो शेजारी, मांडीवर शेवंती घेऊन, अवघडलेला.

शोरूममधून निघालो, सिग्नल ओलांडला,
आणि पाय आपसूक ब्रेकवर गेला,
बोटाने डावा इंडिकेटर दिला.
डावीकडे बेकरीची भिंत होती.
मागचा हॉर्न वाजवत होता.
अजून पुढे, विबके, एनो म्हणाला,
अजून बरंच पुढे.