यादीत पुणे नव्हतं

यादीत पुणे नव्हतं.
दोनदा वर-खाली केलं, मग कोलकाता निवडलं.
बिबवेवाडीत रात्रीचे साडेअकरा,
घड्याळानंही तेच दाखवलं,
तरी जरा अपमान वाटलाच.

पुढं विचारलं, या संगणकाचं नाव काय?
सात वर्षं वापरला,
असं कुणी विचारलं नव्हतं.
'ठोकळा' लिहिलं. चाललं.

सुहृद पेनड्राइव्ह देऊन हिंजवडीला गेला, रात्रपाळीला.
जाताना म्हणाला, "काळ्या खिडकीला घाबरू नका, काकू."
काळ्या खिडकीनं पासवर्ड मागितला.
लिहिते, तर काही उमटेचना.
ठिपका नाही, चांदणी नाही.
बटणं गेली की बोटं?
तीनदा हाकललं.
मग डोळेच मिटले, पाढा म्हणावा तसा
आतल्या आत म्हणत लिहिला,
आणि ओळींमागून ओळी सुटल्या,
स्वारगेटला गाडी लागल्यावर
पिशव्या घेऊन माणसं सुटतात तशा.
एकही कळली नाही. बघत बसले.

मराठी यायला दीड वाजला.
आधी नुसते चौकोन,
मग पाय मोडलेली अक्षरं,
मग एकदाचं
बऱ्हाटे.
बँकेत, गॅसच्या पावतीवर, मतदारयादीत
माझा हा र कायम फुटलेला असतो.
इथं डोळ्याच्या केसाएवढा, बारीक,
पण शाबूत.
चार वेळा लिहिलं. मोठं केलं. निळं केलं.

बऱ्हाटे यांचे मेतकूट, शंभर ग्रॅम.

सकाळी चाळीस लेबलं द्यायचीत,
आणि प्रिंटर म्हणतोय,
आपण कोण?